निळ्या शीटवरची पांढरी रेघ

प्लास्टिक मोडायच्या आधी काही सांगत नाही, याचा मला भारी राग आहे. लाकूड करकरतं, लोखंड वाकतं, दोरीचे पीळ एकेक करून सुटतात. माणसं तर महिनोन् महिने कुरकुरतात. आमच्या धंद्यातलं कडक प्लास्टिक मात्र काल दिसत होतं तसंच आज दिसतं, आणि एखाद्या साध्या पावलाला टक्‌कन त्याचे दोन तुकडे होतात. माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायातला स्प्लिंट असाच मोडला, आमच्याच इमारतीच्या जिन्यात. हातात कांद्या-बटाट्यांची पिशवी होती. बटाटे तळमजल्यापर्यंत गेले, नवरा मधल्या वळणावर अडकला. कपाळाला टाके पडले, बाकी निभावलं.

तो स्प्लिंट मीच केलेला होता. माझं कामच ते. नस दुखावल्यामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांचं पाऊल वर उचललं जात नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात, त्यांच्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं, त्यावरून साचा ओतायचा, प्लास्टिकची शीट ओव्हनमध्ये मऊ करून साच्यावर बसवायची, गार झाली की कापायची, घासायची आणि पट्टे लावून द्यायची. पोटरीच्या मागून निघून टाचेखालून बोटांपर्यंत जाणारी एक पन्हळ, एवढंच ते. वरून मोजा आणि बूट घातला की कुणाला कळतही नाही.

नवराही मूळचा माझा पेशंट. गुडघ्याला मार लागला म्हणून कुणीतरी भलतंच घट्ट प्लास्टर घातलं, त्यात नस दबली आणि पाऊल कायमचं लोंबकळलं. तो माप द्यायला आला. मग पट्टा ढिला झाला म्हणून आला. मग पट्टा घट्ट झाला म्हणून आला. पट्ट्याला काहीही झालेलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, पण मी मूग गिळून पट्टे बदलत राहिले. तेव्हापासून त्याच्या पायाची जबाबदारी माझ्यावर आहे, असं मी धरून चालले आहे.

तो पडला तेव्हा आमची मुलगी नुकती बसायला लागली होती. तिला आम्ही गाठोडं म्हणतो. घरी आणली तेव्हा दुपट्यातून फक्त नाक दिसत होतं, तेव्हापासूनचं नाव. पडायच्या वेळी ती वर माझ्याजवळ होती, तिला ओरखडाही आला नाही. पण नवरा टाके घालून परत आला, तोंड धुऊन जेवायला बसला, बटाट्यांवरून विनोदही करून झाला, तरी माझ्या डोळ्यांपुढून ती पिशवी हलेना. पिशवीच्या जागी मला सारखं गाठोडं दिसायचं.

कारण ठरलं होतंच तसं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. माझे पेशंट आपापल्या कामाला जायच्या आधी येतात, म्हणून मला सकाळी लवकर निघावं लागतं. नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान उशिरा उघडतं. मी पुढे जायचं, त्याने मागाहून गाठोड्याला घेऊन जिना उतरायचा, कोपऱ्यावरच्या पाळणाघरात सोडायचं आणि मग दुकान गाठायचं. माझी कामावर परतायची तारीख तोंडावर आली होती. मी सांगून टाकलं, की माझा भरवसा बसेल असा स्प्लिंट होत नाही तोवर तू तिला घेऊन जिना उतरायचा नाहीस.

तो काही बोलला नाही. न बोलणं ही त्याची भांडायची पद्धत आहे.

मग मीच तिला पहाटे उठवून कार्यशाळेत न्यायला लागले. पाळणाघर उघडेपर्यंत ती तिथे कोपऱ्यात सतरंजीवर बसायची आणि मी साचे घासायचे. प्लास्टरची पांढरी धूळ तिच्या पापण्यांवर बसायची. आठवडाभरात ती खोकायला लागली. खोकल्याचं औषध पाजताना नवऱ्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि चमचा धुवायला निघून गेला.

शीट करून देणाऱ्या काकांकडे मी गेले ती त्याच दिवशी. त्यांची शेड म्हणजे एका टोकाला दाणे ओतायचं नरसाळं, मध्ये तापलेल्या नळीत फिरणारा लांबलचक स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला रुळांमधून बाहेर पडणारी गरम शीट. मी म्हटलं, काका, मला न मोडणारं प्लास्टिक हवंय. काका म्हणाले, मलाही न चिडणारी गिऱ्हाइकं हवीत. तरी त्यांनी खुर्ची पुढे केली आणि समजावून सांगितलं. नुसतं प्लास्टिक ताठ असतं, पण त्यात एकदा चीर सुरू झाली की ती थांबवणारं आत कुणी नसतं. त्यात रबराचे बारीक कण पसरवले, तर चीर त्या कणांपाशी येऊन अडते. मात्र जितकं रबर वाढवाल तितका चिवटपणा वाढणार आणि ताठपणा कमी होणार. पाऊल उचलून धरायला तर ताठपणाच लागतो. दोन्ही हातात लाडू मिळणार नाहीत, असं ते म्हणाले.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. पहिल्या खेपेला त्यांनी थोडंच रबर घातलं. मी त्या शीटची पट्टी घरच्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांशेजारी ठेवली, सकाळी काढून हातोडी मारली आणि एक तुकडा कपाटाखाली गेला. दुसऱ्या खेपेला भरपूर घातलं. ते मोडायचं नावच घेईना, पण नवऱ्याने स्प्लिंट घालून दोन पावलं टाकली आणि घोटा असा लवायला लागला, की बोटं पुन्हा जमिनीला घासली. तिसऱ्या खेपेचं प्रमाण मधलं होतं. ते दिसायला छान होतं, पण कड कापली तर खारीसारखे पापुद्रे सुटायला लागले. काका ओशाळले. म्हणाले, प्लास्टिकचं आणि रबराचं एकमेकांशी पटत नाही. एका घरातल्या अबोला धरलेल्या जावा कशा, स्वयंपाकघर एक पण पाठ एकमेकींकडे, तसं. दोघींशीही बोलणारं एखादं माणूस मध्ये लागतं.

असा तिसरा एक पदार्थ असतो. त्याचं एक टोक प्लास्टिकला धरतं आणि दुसरं रबराला. तो चिमूटभर घातला आणि स्क्रूमध्ये चांगलं मळून निघू दिलं, तेव्हा रबराचे गोळे फुटून इतके बारीक झाले, की कापलेली कड आरशासारखी निघाली. ताठपणात थोडी कसर राहिली होती, ती मी घोट्याच्या मागे दोन उभे उंचवटे देऊन भरून काढली. काकांना शीट पांढरी करायची होती, पेशंटना पांढरी आवडते म्हणून. मी गडद निळी करायला लावली.

त्याला कारण होतं. नमुन्याची पट्टी मी टेबलाच्या कडेवर पुन्हा पुन्हा वाकवत बसले होते. ती मोडत नव्हती, पण जिथे वाकत होती तिथे एक पांढरी रेघ उमटली. काका म्हणाले, रबराच्या कणांभोवती आत बारीक बारीक पोकळ्या पडतात, त्या पांढऱ्या दिसतात. प्लास्टिक दमलं की तिथे अशी रेघ येते. ती रुंद होत गेली, की समजायचं आता बदलायला हवं. मी पट्टी हातात धरून बराच वेळ नुसती बघत राहिले. मोडायच्या आधी सांगणारं प्लास्टिक मला मिळालं होतं. काकांच्या देखत रडू यायला नको म्हणून मी बिलावरून हुज्जत घातली.

त्या निळ्या शीटचे स्प्लिंट मी चार-पाच पेशंटना दिले आणि प्रत्येकाला बजावलं, घोट्यापाशी पांढरी रेघ दिसली की लगेच या, मी दुसरा करून देते, काळजी करू नका. नवऱ्याला दिला तेव्हा मात्र मी वेगळं बोलले. म्हटलं, रेघ दिसली, की त्या दिवसापासून गाठोडं माझ्याकडे. मग तोंड पाडायचं नाही. शिवाय एका हाताने कठडा धरायचा, आणि जिन्यावर असताना फोन वाजला तरी उचलायचा नाही. त्याने सगळ्याला मान हलवली. लग्नाच्या वेळीही त्याने इतक्या तत्परतेने मान हलवली नव्हती.

आणि मग सुरळीत सुरू झालं. मी सकाळी निघायचे तेव्हा गाठोडं अंथरुणात लोळत असायचं. तिचा खोकला गेला. रात्री नवरा दुकान बंद करून यायचा, पाय धुवायचा, आणि मी ट्यूबलाइटखाली स्प्लिंट उलटासुलटा करून डोळ्यांत तेल घालून बघायचे. निळा, स्वच्छ, कुठे काही नाही. पहिल्या दिवशी होता तसा. मी खुशीत असायचे. बायकोच्या हातात गुण आहे, असं तो म्हणायचा, आणि मला ते खरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र काही दिवसांत नवीन सुरू झाली. पाय धुवायला गेला, की न्हाणीघरातून माझ्या हेअर ड्रायरचा आवाज यायचा. याच्या डोक्यावर केस किती, तर बोटावर मोजण्याइतके. मी बाहेरून ओरडायचे, वाळवतोयस ते निदान मोजून तरी सांग. तो म्हणायचा, मोजे ओले झालेत. दिवस थंडीचे होते, मोजे वाळायला वेळ लागतोच, म्हणून मी तो विषय हसण्यावारी नेला.

पहिली रेघ घेऊन आल्या त्या शाळेतल्या बाई. दिवसभर फळ्यापाशी उभ्या राहतात, घोट्यामागे बारीक पांढरी रेघ आली होती. मी त्यांना पेढा द्यायचा तेवढा बाकी ठेवला. पुढच्या आठवड्यात एक शिंपी आले. ते घरातून दारापर्यंत आणि दारातून मशीनपर्यंत, एवढंच चालतात, तरी त्यांच्याही स्प्लिंटला रेघ होती. मी त्यांचं माप पुन्हा घेतलं, गाणं गुणगुणत साचा ओतला. नवऱ्याच्या स्प्लिंटला अजून काही नाही, या विचाराने मला उलट गर्वच वाटला. माझ्या घरचा पाय, म्हणून माझा हात जास्त चांगला चालला असणार, असंच मी समजून बसले.

तिसरा आला तो वेटर. हॉटेलात जायच्या आधी सकाळीच आला. त्याची रेघ चांगली बोटभर रुंद होती. दुसरा स्प्लिंट तयार व्हायला दोन दिवस लागतील, तोवर जुना जपून वापर, असं मी सांगत होते, तेवढ्यात त्याने विचारलं, "ताई, तोवर ही रेघ घालवता येते का? मालक सारखे पायाकडे बघतात."

मी हातातलं काम न थांबवता सांगितलं, की येते, गरम हवा मारली की पांढरेपणा जातो, कापल्यावर कडा पांढुरक्या होतात त्या मी तशाच घालवते. पण ते नुसतं दिसण्यापुरतं. आत जी इजा झाली ती तशीच राहते, फक्त तुला ती दिसत नाही.

एवढं बोलले आणि हात जागच्या जागी थांबला.

नवरा माप द्यायला यायचा, पट्टा बदलायला यायचा, तेव्हा त्या समोरच्या स्टुलावर बसून मला बघत असायचा. मी हीट गन फिरवायचे आणि कड पुन्हा नव्यासारखी व्हायची. एकदा त्याने विचारलंही होतं, जादू कशी केलीस. शिंपीकाका दारापर्यंत चालतात आणि त्यांना रेघ येते. हा रोज तीन मजले चढतो-उतरतो, त्यात एकदा पोरीचं वजन घेऊन, आणि याला रेघ नाही. ओले मोजे. ड्रायर.

घड्याळात त्यांची निघायची वेळ झाली होती. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. जिन्यावर फोन उचलायचा नाही, हा नियम माझाच, आणि तो पाळत होता. म्हणजे तो जिन्यावर असणार, नाहीतर पोरीला तयार करण्यात गुंतलेला. वेटरला तसाच बसवून मी निघाले. अंगावर प्लास्टरने माखलेला एप्रन, पायात कार्यशाळेतल्या चपला. दोन गल्ल्यांचं अंतर, पण मधला रस्ता ओलांडताना गाड्या थांबेनात. माणसं बघत होती. मी मनात देवाशी घासाघीस करत होते, आज पोचू दे, पुन्हा कधी कुणावर ओरडणार नाही. देवालाही माहीत असणार, की हे काही टिकणारं नाही.

इमारतीच्या दारातून आत शिरले आणि वरून आवाज आला. गाठोड्याची अखंड बडबड, आणि त्याखाली नवऱ्याचं पाऊल, मग डाव्या पायाचं जरा जड पाऊल. ते दुसरा मजला उतरत होते. माझ्या तोंडून किंकाळी फुटणार होती, ती मी आवरली. ओरडले तर तो दचकेल, दचकला तर नेमका डावा पाय पुढे पडेल. मी धापा दाबत वर गेले. वळणावर आल्यावर ते दिसले. तिला उजव्या खांद्याशी घेतलेलं, डावा हात कठड्यावर. माझे सगळे नियम काटेकोर पाळत माझा नवरा अगदी साध्या चेहऱ्याने खाली येत होता.

मी जमेल तेवढ्या शांतपणे म्हटलं, "थांब. आणि आहेस तिथे खाली बस."

त्याने माझ्याकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं, आणि कशासाठी ते विचारलं नाही. कठडा धरून सावकाश पायरीवर बसला, गाठोड्याला मांडीवर घेतलं. तिथेच मला कळलं, की माझा अंदाज बरोबर आहे. ज्याला काही ठाऊक नसतं तो निदान काय झालं एवढं तरी विचारतो.

मी खालच्या पायरीवर बसले. त्याचा बूट काढला, मोजा काढला, पट्टे सोडले आणि स्प्लिंट हातात घेतला. निळाशार, कुठे डाग नाही. मग चालताना जसा वाकतो तसा, तेवढाच जोर लावून, मी तो घोट्यापाशी वाकवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा पट्टा लखकन वर आला. आतल्या बाजूने मी बोट फिरवलं, तर एका जागी नख अडकलं. चीर होती. ती अजून किती पायऱ्या टिकली असती, ते काकांनाही सांगता आलं नसतं आणि मलाही नाही.

मी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, दुसऱ्या आठवड्यापासून.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. मला त्याला गदागदा हलवायचं होतं, पण त्याच्या मांडीवर ती होती आणि माझ्या एप्रनची दोरी ओढत होती. म्हणून मी कुजबुजत भांडले. म्हटलं, तुझ्या जिवाची नाही तर नाही, हिच्या जिवाची तरी काळजी वाटली नाही का तुला. कशासाठी केलंस असं.

तो तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू इतरांना सांगतेस, रेघ आली की या, नवीन देते. मला सांगितलंस, रेघ आली की पोर काढून घेते. रात्री मी येतो तेव्हा ही झोपलेली असते. मला हिची एवढी जिन्यापुरतीच सोबत आहे."

मला उत्तरं चार-पाच सुचली, सगळी रागाची आणि सगळी बरोबर. त्याने चुकीचंच केलं होतं, आजही मी तसंच म्हणेन. पण इतके दिवस काकांच्या मागे लागून, फ्रीजरमध्ये पट्ट्या गोठवून, मोडण्याआधी सांगणारं प्लास्टिक मी बनवून घेतलं, आणि घरातल्या माणसाला मात्र सांगितलंस तर बघ असा दम भरून ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. भीतीही तेवढीच वाटत होती. दोन्ही एकदम असलं की माणसाला नीट रडताही येत नाही.

मी हात पुढे करून म्हटलं, दे तिला. त्याने दिलं नाही. घट्ट धरलं नाही, हिसकाही दिला नाही, नुसता तसाच बसून राहिला. मग म्हणाला, मी बसून उतरतो. बसलेला माणूस पडत नाही.

आणि खरंच तो तसा उतरला. तिला पोटाशी धरून एकेक पायरी खाली सरकत. उघडं डावं पाऊल लोंबत होतं, प्रत्येक पायरीच्या कडेला बोटं अडकत होती. दोन पायऱ्या मी ते पाहिलं. मग त्याच्या पुढे खालच्या बाजूला बसले, त्याचं पाऊल माझ्या तळहातावर घेतलं आणि वर उचलून धरलं. तो एक पायरी सरकायचा, मी एक पायरी सरकायचे. गाठोड्याला हा खेळ फार आवडला. प्रत्येक पायरीला ती खिदळत होती. पहिल्या मजल्यावरचे आजोबा-आजी बाजारातून परत येत होते, ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आम्हाला वाट दिली. आजोबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आजींनी त्यांना कोपर मारलं.

तळमजल्यावर आम्ही शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. त्याच्या पॅन्टची मागची बाजू धुळीने पांढरी झाली होती. माझ्या तळहातात त्याची टाच अजून होती. मी म्हटलं, यापुढे दोन स्प्लिंट करते. रेघ आली की मला दाखवायची आणि दुसरा घालायचा. त्याने विचारलं, आणि ही? मी त्याची टाच हळूच जमिनीवर टेकवली. म्हटलं, ही तुझ्याकडेच.

त्या रात्री मी दोन्ही साचे ओतले. एक स्प्लिंट त्याच्या पायात आणि दुसरा पलंगाखालच्या खोक्यात. ड्रायर न्हाणीघरातच राहिला, मी तो हलवला नाही. बरेच दिवस नुसत्या आवाजाच्या भासाने मी कान टवकारायचे, पण तो वाजला नाही. रात्री ट्यूबलाइटखाली तपासणं मात्र मी बंद केलं. ते सगळ्यात अवघड गेलं. हात शिवशिवायचे. मी लसूण सोलत बसायचे, घरात लसणाचा डोंगर झाला, पण मी उठून बघितलं नाही. दाखवणं त्याच्यावर सोडलं होतं.

थंडी सरली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मला निघायला उशीर झाला होता आणि आम्ही तिघंही घरात होतो. गाठोड्याचे बूट मी घालत होते. नवरा पलंगावर बसून पट्टे बांधत होता. मध्येच पट्ट्यांचा आवाज थांबला. मी वर पाहिलं, तर तो स्प्लिंट पायातून काढून उजेडाकडे धरत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मी अजून पाच मिनिटांत निघून जाणार होते, हे त्याला माहीत होतं. गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं.

"रेघ आलीय," तो म्हणाला.

मी गाठोड्याला कडेवर घेतलं आणि त्याच्याजवळ गेले. घोट्यामागे रेघ होती, केसाएवढी बारीक, एका कडेला सुरू होऊन अर्ध्यात संपलेली. आत बोट फिरवलं, काही अडकलं नाही. तरी पोरीला घेऊन सरळ चालू लागावं, तिला कार्यशाळेत सतरंजीवर बसवावं, धूळ तर धूळ, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. माझा हात तिच्या पाठीवर आपोआप घट्ट झाला. त्याने ते पाहिलं. हात मात्र पुढे केला नाही.

मी तिला तशीच कडेवर ठेवून पलंगाखालचं खोकं ओढलं. दुसरा स्प्लिंट काढून त्याच्या पायावर चढवला, एका हाताने पट्टे आवळले, टाच नीट बसली का ते बघितलं, मोजा चढवला, बूट घातला. तो उभा राहिला, दोन पावलं चालून दाखवली. मग मी गाठोडं त्याच्या हातात दिलं. द्यायला जरा उशीर केला, पण दिलं.

ते बाहेर पडले. कामाला उशीर होत होता तरी मी दारातच उभी राहिले. खाली वाकून बघितलं नाही. उजवं पाऊल, मग डावं जड पाऊल, आणि तिची बडबड, एकेका मजल्याने लांब जात होती. मध्ये एकदा आवाज थांबला. मग खालून त्याने हाक मारून सांगितलं, की काही नाही, तिची टोपी पडली होती, तो खाली बसून उचलतोय.